टाकीचं झाकण

ऐंशीच्या दशकात काकांनी जुना ट्रॅक्टर विकत घेतला. तारापूरजवळच्या आमच्या गावात तेव्हा ट्रॅक्टर मोजकेच, त्यामुळे काका खळ्यात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसत. बघण्यापुरता तो उत्तमच होता. सुरू केला की झोकात निघायचा आणि शेताच्या मध्यावर आचके देत बंद पडायचा. काका टाकीचं झाकण उघडून डिझेल बघत, झाकण लावत, किल्ली फिरवत, की चालू. थोड्या वेळाने पुन्हा तेच.

आत्याचे यजमान अणुवीज केंद्रात स्टोअरमध्ये नोकरीला होते, पण विजेपासून विळीपर्यंत सगळ्यावर अधिकाराने बोलत. ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून म्हणाले, "प्रेशरचा प्रश्न आहे." कसलं प्रेशर, ते त्यांनी सांगितलं नाही आणि जावयाला विचारायचं कुणी?

मग बोईसरहून मेस्त्री आला. "पंप गया है, काका," म्हणत त्याने डिझेलचा पंप खोलला, पुसला, परत तोच बसवला आणि कोंबडी जेवून गेला. ट्रॅक्टर बांधापर्यंत गेला आणि थांबला.

चिखलणीच्या दिवसांत ते झाकणच कुठेतरी पडलं. टाकीत पाऊस जाऊ नये म्हणून काकीने वर करवंटी पालथी घातली. त्या दिवशी ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत अखंड चालला! काकांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी झाकण चिखलात सापडलं. काकांनी धुऊन घट्ट लावलं आणि इंजिनाने पुन्हा मान टाकली.

काकी म्हणाली, "करवंटी घाला परत. झाकणातच काय तरी हाय."

"तुला काय कळतंय इंजिनातलं?" काका खेकसले, पण झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. हवा आत जायचं बारीक भोक रंगाने बुजलं होतं. हवा नाही, म्हणून डिझेल खाली उतरेना. ट्रॅक्टर नवा दिसावा म्हणून लाल ऑइलपेंट काकांनी स्वतःच फासला होता. काकीने बांगडीतली पिन काढून भोक मोकळं केलं आणि हसली. त्या हसण्याने काकांना दुपारचं जेवण गेलं नाही.

"मी म्हणालोच होतो, प्रेशर," जावई म्हणाले.

पुढल्या पावसाळ्यात शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बंद पडला, तेव्हा काका डॉक्टरच्या थाटात गेले. झाकण काढलं, उजेडात धरलं, पिनेने टोचलं, लावलं. "आता मार सेल!" नाही झाला चालू. पुन्हा टोचलं. शेवटी शेजाऱ्यानेच टाकीत डोकावून पाहिलं. आत डिझेलच नव्हतं.