प्लीहा वाचवणारे सर

सर्जन मंडळी जमली की किस्से निघतात ते कापाकापीचेच. माझ्याकडे मात्र साठलेत न कापण्याचे! सगळे आमच्या नागपूरच्या सरांचे. मी तेव्हा त्यांचा रेसिडेंट होतो.

खाप्याच्या वच्छलाबाई संत्री तोडताना शिडीवरून पडल्या. डाव्या बरगडीखालची, रोगजंतूंशी लढणारी प्लीहा फाटली. पोटात रक्त, पण बीपी आणि नाडी स्थिर. मी उत्साहानं ऑपरेशनच्या तयारीला लागलो.

सर म्हणाले, "थांब. रक्त आपोआप थांबेल असं दिसतंय. त्यांना पडून राहू दे, तासातासाला नाडी बघ. थिएटर मात्र तयार ठेव!"

बाईंचा भाऊ गांधीबागेतला कापडवाला. तो भडकलाच.

"फाटलं म्हणता डॉक्टरसाहेब, मंग शिवत काहून नाही?"

"कापड नाही गा हे," सर म्हणाले, "याले सोताच सांधता येते!"

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंची नाडी अचानक एकशेवीस! मी सरांना फोन लावला. सर धावत आले, पलंगाशी बसून मनगट धरलं. पोट मऊ, बीपी ठीक, हिमोग्लोबिनही ठीक.

"काय झालं वच्छलाबाई?"

"सून सांगून गेली जी, माही गाय चारा खाऊन नाही राहिली!"

सरांनी खाप्याला फोन लावून दिला. गाईनं चारा खाल्ल्याचं कळलं आणि नाडी नव्वद! आठवड्याभरात बाई चालत घरी गेल्या. टाका एक नाही!

एकदा मी विचारलं, "सर, नुसतं थांबण्यात कसब काय?"

असा पेशंट असला की सर जेवणाचा डबाही वॉर्डातच खायचे. पोळीचा घास हातात तसाच धरून म्हणाले, "नुसतं थांबून दाखव एकदा!"

आणि बुटीबोरीचा गणेश. कारखान्यात मशीनवर कामाला होता, बाईकवरून पडला. त्याचीही प्लीहा फाटलेली, उपचार तोच. पण दुसऱ्या दिवशी बीपी कोसळलं. रक्त चढवूनही सावरेना. पंधरा मिनिटांत सरांनी पोट उघडलं, प्लीहा काढली, गणेश वाचला.

सर बाहेर आले. चेहरा उतरलेला, डोळे भरलेले. दारात गणेशची बायको उभी.

"आम्ही खूप प्रयत्न केला हो ताई," सर म्हणाले, "नाही वाचवू शकलो."

तिनं हंबरडा फोडला! मी धावलो. "वहिनी, गणेश बरा आहे! सर प्लीहेबद्दल बोलून राहिले!"

तिनं पदरानं डोळे पुसले. सरांकडे नीट पाहिलं.

"मंग तुम्ही काहून रडून राहिले जी?"