निजवलेली बाहुली

अक्षयाचा गुडघा बरा होत होता, तरी तिच्या आईची, गोमतीची, काळजी काही मिटत नव्हती.

कुंभकोणम्‌च्या कॉलेजात पोरीची कबड्डीतली चढाई नावाजलेली. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, आणि भांडायला दोन्हींत सारखीच तयार. उन्हाळ्यात एका सामन्यात गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. संघ तिच्यावाचून खेळू लागला, मैत्रिणींचं येणं विरळ झालं. अक्षया ताट चिवडायची, रात्र रात्र जागायची. गुडघ्याचे व्यायाम करून घेणाऱ्या लावण्याने गोमतीला बाजूला घेऊन मनाच्या डॉक्टरांचा नंबर दिला, तेव्हा आमच्या घरात कुणी वेडं नाही, असं गोमतीने तिला तोडून सांगितलं होतं.

मग नवरात्रात पोर एकाएकी शांत झाली. हसू लागली. कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या. हळदीकुंकवाला येणाऱ्या मुलींच्या हातात विड्याबरोबर स्वतःच्या वस्तू ठेवू लागली. बांगड्या दिल्या, रेशमी परकर दिला, शेवटी कबड्डीचे बूटसुद्धा.

"गोमती, लेक दानशूर निघाली गं," पट्टीश्वरम्‌हून आलेल्या विशालाक्षीमावशी म्हणाल्या. "सासरी घरच वाटून टाकील."

सगळ्या हसल्या. गोमतीलाही अभिमान वाटला.

दसऱ्याच्या संध्याकाळी सण संपल्याची खूण म्हणून कोलूतली एक बाहुली निजवायची, मग बाकीच्या गुंडाळून पेटीत ठेवायच्या. लहानपणापासून हे काम अक्षयाचं. यंदा तिने धाकट्या चुलतबहिणीला, नित्याला, जवळ बसवलं. कोणती बाहुली कोणत्या फडक्यात, कोणाची मान नाजूक, सगळं समजावलं.

"नीट बघून ठेव. पुढच्या वर्षी तुलाच करायचंय."

"का? तू कुठे जाणार, अक्का?"

अक्षयाने बाहुली आडवी केली, तिच्या तोंडावर फडकं ओढलं आणि हसली.

आरतीचं तबक घेऊन दारात उभ्या असलेल्या गोमतीने तबक खाली ठेवलं. बांगड्या, परकर, बूट. पोर जगातून निघायची आवराआवर करत होती.

पोरीचा विषय काढला की, सण होऊ दे, मग बघू, असं तिचा बाप सुंदरेश म्हणत होता. एरवी नवऱ्याचं ऐकणारी गोमती आज थांबली नाही. नंबरचा कागद तिने तेव्हाच फेकला होता. आता लावण्याचीच आधी माफी मागायची, मग नंबर. ती अक्षयाला खेटून बसली, तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिच्यादेखतच लावण्याला फोन लावला.