विहीणबाईंचे गरम हात

माणसाच्या पोटाची चौकशी केल्याशिवाय त्याच्याशी ओळख झाली असं न मानणारी एकच बाई दौंड तालुक्यात असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला विहीण म्हणून आली. लेकीच्या लग्नाच्या बोलणीसाठी मी साड्या, मानपान आणि जेवणाची पानं अशा तीन याद्या घेऊन पाटसला गेले होते. त्यांनी एकाही यादीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, "तुमची बेंबी डावीकडं वढलीय, विहीणबाई. लई काळजी करता." पाहुण्यांसमोर. साडीतून.

पूर्वी त्या साध्या होत्या म्हणे, घरचा झेंडू आणि वांगी बघायच्या. मग गुडघ्यासाठी कुठल्याशा शिबिराला गेल्या आणि दहा दिवसांनी चिनी ताओ पद्धतीचं पोटाचं मालीश शिकून परतल्या. तेव्हापासून त्यांच्या लेखी माणूस म्हणजे एक पोट आणि त्याला जोडलेलं किरकोळ सामान. यकृतात राग साठतो, मूत्रपिंडात भीती, फुप्फुसात दुःख, आणि बेंबीभोवती तळहात फिरवून ते सगळं सावकाश सोडवायचं. रोज सकाळी गच्चीवरच्या टाकीला टेकून त्या स्वतःच्या यकृताकडे बघून हसतात. ते कसं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "आत बघून हसायचं. त्येला बी बरं वाटतं की. दिसभर राबतंय बिचारं." पुरुषांना त्या हात लावत नाहीत, खुर्चीत बसून हुकूम सोडतात आणि पुरुष आपापलं पोट चोळतात. गावच्या विकास सोसायटीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलचे उमेदवार त्यांच्या ओसरीत शेजारी शेजारी शर्ट वर करून आडवे झालेले मी स्वतः पाहिलेत. "आप्पा, उलटं फिरवू न्हका. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघा आन् तसं फिरवा." थोड्या वेळात दोघंही घोरायला लागले.

हे सगळं मी निव्वळ कौतुकानं लिहिलं असतं, पण मध्ये माझी लेक येते. तिचं पोट दुसरीपासून दुखायचं. मी रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी, तिची शाळा बंद रविवारी. तरी मी काही कमी केलं नाही. शिरूर झालं, पुणं झालं. तारीख, वार, काय खाल्लं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं एका फाइलमध्ये आहे. प्रत्येक डॉक्टर म्हणाला, काही नाही. आणि लग्नाला सहा महिने होतात न होतात तोच लेक फोनवर सांगते, "आई, मम्मींचा हात पोटावरून फिरला ना, की मला झोपच लागते." मी "छान" म्हटलं आणि स्टोअरमधली सगळी बेअरिंगं पुन्हा मोजली. पुढे तर तिनं नोकरी सोडायचं ठरवलं, तेही मला विहीणबाईंकडून कळलं. सतरंजीवर पडल्या पडल्या ती त्यांना सगळं सांगते. मत्सर कुठल्या अवयवात राहतो हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी लगेच बोट ठेवून दाखवलं असतं.

गेल्या महिन्यात लेकीचं पुन्हा अधूनमधून दुखायला लागलं. सुट्टीच्या दिवशी मी फाइल घेतली आणि न्हावरा, चौफुला करत पाटस गाठलं. लेकीसाठी कोणी काय केलंय ते विहीणबाईंना एकदा कळू दे, एवढंच मनात होतं. लेक आतल्या खोलीत पडली होती. विहीणबाईंनी चष्मा लावला, रिपोर्ट बाजूला सारले आणि माझी यादी वाचायला घेतली, बोट फिरवत, पोट चोळतात तितक्याच सावकाश.

"समदं गुरुवारीच दुखलंय की."

"माझी सुट्टी गुरुवारी. डॉक्टरकडे त्याच दिवशी नेणार ना."

"न्हेलं कवा ते न्हाई इचारत. दुखलं कवा? वार तुमीच लिवलाय."

मी फाइल ओढून घेतली. गुरुवार, गुरुवार, एक शुक्रवार, पुन्हा गुरुवार. अकरा वर्षं, माझ्याच अक्षरात.

"काल ठणठणीत हुती," त्या म्हणाल्या. "आज सकाळधरनं दुखतंय. आज वार कोणता?"

"मम्मी, गप्प बसा ना," आतून आवाज आला. मग मला, "खरंच दुखायचं गं. पण तू घरी असायचीस आणि मी शाळेत. दुखलं की पुण्याच्या एस.टी.त तुझ्या मांडीवर झोपायला मिळायचं."

मी आत गेले. "आधी हात एकमेकांवर घासा," विहीणबाईंनी मागून सांगितलं आणि त्या चहा टाकायला वळल्या. मी घासले आणि लेकीच्या पोटावर हात ठेवला.

"गार आहे," ती म्हणाली. मी उचलायला लागले. "राहू दे."

आता मी दर गुरुवारी पाटसला जाते. फाइल शिरूरला घरीच असते. विहीणबाईंचे हात अजूनही माझ्याहून गरम आहेत, आणि ते मला अजूनही सहन होत नाही. बाकीचे सहा दिवस लेक त्यांचीच आहे, हेही मला माहीत आहे. फक्त एक गोष्ट मी पाहून ठेवली आहे. एरवी पाच मिनिटांत चहा आणून देणाऱ्या या बाईंचा चहा गुरुवारी उकळायला तास लागतो.