धुतलेले दगड

लढाईच्या वर्षांत माझा थोरला भाऊ रहिमतपुरात चुलत्याच्या घरी विषमज्वराने गेला. मेढ्यापासून सांगलीपर्यंत सायकलीने नदीकाठ फिरून त्याने आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी जमवल्या होत्या. प्रत्येकीवर ती सापडलेल्या गावाचे नाव शाईने लिहिले होते. त्या नावांवरून तो त्या माणसांची वाट नकाशावर मांडणार होता. ते काम पुरे करायचे मी त्याला कबूल केले होते.

दहावा करून आम्ही घाटावरून परतलो. तोवर चुलतीने सुतकाचे सारे घर धुऊन काढले होते. परसात दगड वाळत होते, राखेने घासलेले, कोरे.

“काकू, त्यांवर गावं लिहिली होती.”

“दगडाला कसलं रं गाव? सुतकातलं समदं धुवावंच लागतंय.”

चुलता हसला. “त्यातला मोठा दे हिकडं. दार लय आपटतंय.”

मी एकेक दगड हातात घेऊन पाहिला. मेढ्याचा कोणता, सांगलीचा कोणता, एकाचेही सांगता येईना. सगळे पोत्यात भरले.

“तेराव्याला थांब,” चुलत्याने दटावले.

“तुमच्या घरचं पाणीसुद्धा नको,” मी म्हणालो. पुढे चुलती वारली तेव्हाही मी गेलो नाही.