काट्यावरचा गोठलेला आकडा

"साहेब, तुमचा कॅमेरा बेइमान झाला," शेठ फोनवर म्हणाले. "चालू हाय अन् चालूबी नाई. जसे असाल तसे या."

मी कॅमेरे बसवतो. बेइमान माणसं पुष्कळ पाहिली, कॅमेरा पहिलाच. मोटरसायकल काढली आणि साखरखेर्ड्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या जिनिंगवर पोचलो.

जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना. भरलेला ट्रॅक्टर आधी वजनकाट्यावर चढतो, मग रिकामा होऊन पुन्हा चढतो. दोन वजनांतला फरक तो कापूस. त्या वर्षी बोंडअळीने बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली होती. अळी लागणारच नाही असं सांगून विकलेल्या बियाण्याने लोकांचं तोंड पोळलं होतं, त्यामुळे ते काट्याचा आकडाही फुंकून पीत होते. म्हणून शेठनी माझ्याकडून काट्यावर कॅमेरा लावून घेतला आणि शेतकऱ्यांच्या शेडमध्ये टीव्ही. काट्याचा लाल आकडा सगळ्यांना दिसावा. मागे लाईनीतले पहिले दोन-तीन ट्रॅक्टरही त्यात दिसायचे.

आता झालं होतं असं, की लाईन वाढली की टीव्हीवरचं चित्र गोठायचं. काट्यावर ट्रॅक्टर बदललेला, टीव्हीवर जुनाच उभा, आकडाही जुनाच. शेडमध्ये बोंब उठली की काटेवाले सलीमभाई केबिनमधून कसलंतरी बटण दाबतात. सलीमभाईंची दाढी त्याच काट्यावर पांढरी झालेली.

"आज सांजेपर्यंत उलगडा नाई झाला, तं उद्यापासून काट्यावर दुसरा माणूस," शेठ त्यांच्यादेखत, साऱ्या शेडसमोर म्हणाले.

सलीमभाई माझ्याकडे वळले. "साहेब, मले घरचा टीव्हीबी लावता येत नाई. नातीले सांगा लागते. मी कोनतं बटन दाबू?"

मला शेठचा राग आला. पण गिऱ्हाईक ते होते, म्हणून तो मी स्विचवर काढला. स्विच म्हणजे कॅमेरा, रेकॉर्डर, टीव्ही या सगळ्यांच्या वायरी जिथे एकत्र येतात ती डबी. तिच्यावर रुईची गादी तयार झाली होती. ती झाडली. वायरीचं टोक नवं लावलं. मग कॅमेऱ्याला लॅपटॉपवरून पिंग केलं, म्हणजे हाक मारली तर ओ देतो का ते पाहिलं. ओ देत होता. तरी रीस्टार्ट केला. चित्र पळायला लागलं.

"झालं?" शेठनी विचारलं.

"झालं," मी छाती फुगवून म्हणालो आणि हात धुवायला गेलो. परत येतो तो चित्र पुन्हा गोठलेलं आणि शेडमधले लोक टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते. टीव्हीवर लाईनीतल्या एका ट्रॅक्टरवर डोक्याला पांढरा रुमाल बांधलेले एक गृहस्थ शांत बसले होते. त्यांचा मला हेवा वाटला.

तोंड लपवायला मी गेटबाहेरच्या हॉटेलात शिरलो. आत तेच गृहस्थ, तोच रुमाल, पुढ्यात जिलेबी. नाव गोविंदराव, सुलतानपूरकडचे. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. हात पाकात माखलेले, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काय करून राह्यले?" पलीकडून काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी.

"काय करीन? लाईनीत बसेल हाव. पाह्य ना कॅमेऱ्यात."

"हाव, दिसून राह्यले. तठीच बसा. शुगर हाय तुम्हाले, हॉटेलाकडं पाहूबी नका."

"नाव नोको घेऊ," गोविंदराव म्हणाले आणि फोन ठेवून पुढची जिलेबी उचलली. "कॅमेरा अडकते म्हून बरं हाय, साहेब."

माझा चहा तसाच राहिला. "काकूंच्या मोबाइलवर हा कॅमेरा आला कसा?"

"काऊन? शेठनंच तं पासवर्ड ग्रुपवर टाकला. सारे गावं पाह्यतात. लाईन किती हाय पाह्यलं का ट्रॅक्टर काढतात."

खोड सापडली. कॅमेरा एका वेळी मोजक्याच लोकांना चित्र पुरवू शकतो. प्रत्येक मोबाइल त्याच्याकडे वेगळं चित्र मागतो, तेही मोठं. एका नळाला साऱ्या गावाच्या घागरी लागल्या तर धार कुणालाच मिळत नाही. लाईन वाढली की घरोघरी कापूसवाल्यांची माणसं कॅमेरा उघडून बसायची, आणि शेडमधला टीव्ही तहानलेला राहायचा.

मी पासवर्ड बदलला. चित्र धावायला लागलं. दोन-चार ट्रॅक्टर चढले-उतरले. काट्यावरचा आकडा आणि टीव्हीवरचा आकडा एकच. शेडमधली बोंब थांबली.

आणि घरी बसून कॅमेरा बघणाऱ्यांचे फोन शेठना सुरू झाले. "कॅमेरा काऊन बंद केला? आता काय लपवून राह्यले?" एक फोन ठेवावा तर दुसरा. शेठ घामाघूम झाले. मला, खरं सांगतो, फार बरं वाटलं.

मग मोबाइलवाल्यांना कॅमेऱ्यावरून उठवून रेकॉर्डरवर बसवलं. कॅमेऱ्याने रेकॉर्डरला एकदाच चित्र द्यायचं, पुढचं वाटप रेकॉर्डरने करायचं. मोबाइलला हलकं, छोटं चित्र, म्हणजे सब स्ट्रीम. त्याचा नवा पासवर्ड शेठनी ग्रुपवर टाकला. गावोगाव चित्र ताजं झालं. त्यात गोविंदरावांचा ट्रॅक्टर दिसत होता, गोविंदराव दिसत नव्हते. थोड्याच वेळात ते फोन कानाला लावून हॉटेलातून पळत येताना आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले.

शेड हसत असतानाच शेठ काट्याच्या केबिनपाशी गेले. आरोप सगळ्यांसमोर केला होता, म्हणून कबुलीही सगळ्यांसमोर दिली. "सलीमभाई, चूक माही. पासवर्ड मीच वाटला अन् नाव तुमचं घेतलं. काटा तुमचाच."

सलीमभाईंचे डोळे भरून आले होते. पण त्यांनी पुढचा ट्रॅक्टर काट्यावर घेतला, वजन होऊ दिलं आणि मग बोलले.

"शेठ, नवा पासवर्डबी साऱ्या दुनियेले सांगतला, चांगलं केलं. मले तेवढा सांगू नका."

तेव्हापासून कॅमेरा अडकल्याचा फोन आला की मी वायर तपासत नाही. आधी मालकाला विचारतो, पासवर्ड कुणाकुणाला वाटला. गोविंदराव मात्र अजून मला नमस्कार करत नाहीत. त्यांची शुगर उतरली म्हणतात.