प्रेमगीतावर उभी राहिलेली प्रार्थना

बस्त्यावकाका गेल्याचं त्यांच्या मुलीने, सँड्राने, वसईहून फोन करून सांगितलं, तेव्हा मी इथे कुवेतमध्ये, फहाहीलच्या बाजारात मासळी घेत होते. "दुपारी जेवून आडवे झाले, आंटी... उठलेच नाहीत. सकाळी अंगणात गात होते." त्याला आता दीड महिना होईल. रडू आलंच, पण त्यामागे एक समाधानही होतं. गाता गाता जाणं त्यांना शोभलं.

आमच्या इस्पितळात ते एक्स-रे काढायचे आणि मी फिजिओथेरपिस्ट. ते वसईचे ख्रिस्ती, लहानपणापासून देवळातल्या गायकवृंदात वाढलेले. मी नाशकात तानपुऱ्यावर शिकलेली, काम करता करता गुणगुणायची खोड. एकदा ते दारातच थांबले. "वंदना, एकच सूर किती वेळ धरता येतो तुला?"

"कशाला हो, काका?"

"एक पाच-सहाशे वर्षांपूर्वीचं गाणं अडलंय."

मग रोजच्या चहाला ते मला ती गोष्ट थोडी थोडी सांगत गेले. त्या काळी युरोपातले राजे-उमराव पदरी गवई ठेवत. तेच गवई सकाळी राजवाड्यातल्या प्रार्थनाघरात मिस्सा, म्हणजे त्यांची उपासना, गात आणि संध्याकाळी मेजवानीत प्रेमगीतं. मग कुणा रचनाकाराने अशाच एका प्रेमगीताची चाल घेतली, तिचा एकेक सूर ताणून लांब केला आणि त्याच्या आधारावर चार आवाजांची अख्खी मिस्सा उभी केली.

"म्हणजे प्रार्थनेच्या पोटात लावणी?" मी विचारलं. काका इतके हसले की चहा सांडला. "तसंच समज. आणि त्या लावणीचा लांब सूर तुला धरायचाय!"

आम्ही पाच जण जमलो. सराव काकांच्या फ्लॅटमध्ये चाले, पण शेजारी ड्युटी करून झोपलेले असत, ते भिंत ठोकत. तेव्हा जागा दिली ती अबू खालिद यांनी. हे ऐंशीच्या घरातले कुवेती गृहस्थ माझे पेशंट. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. वडिलांचा मोत्यांचा व्यापार, त्यामुळे बालपण मुंबईत गेलेलं आणि हिंदी अगदी तिथली. पाहुण्यांसाठीच्या त्यांच्या दिवाणियाला लागून एक खोली होती. "शुक्रवार को आओ, गाओ," एवढंच म्हणाले. वर्षभर त्यांनी काही मागितलं नाही.

आणि मग मागितलं. ते काठीशिवाय चालू लागले त्या आनंदात घरची माणसं आणि चार जुने दोस्त जमणार होते. तिथे आम्ही गावं. आमच्यातली केरळची नर्स लिजी ताडकन म्हणाली, "मिस्सा मैं पार्टी में नहीं गाऊँगी." तिचं चूक नव्हतं. पण नाही म्हटलं तर खोली जाईल, हे सगळ्यांच्याच मनात. काका उठून सरळ अबू खालिद यांच्यासमोर गेले. मीही मागोमाग.

"बाबा, गिरजे में जो गाते हैं, वो यहाँ नहीं गाएँगे. पर वो जिस गाने से बना, वो गाएँगे."

म्हातारबुवांनी भुवया वर केल्या. "वो गाना काहे का है?"

"इश्क का."

"फिर तो बूढ़ों को पसंद आएगा!" ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी आम्ही गायलो. मी माझा सूर धरून होते, तेवढ्यात खाली, खूप खाली, दुसऱ्या कुणीतरी सूर लावला. अबू खालिद यांचे एक दोस्त डोळे मिटून घुमत होते... मी बिचकले. काकांनी मात्र हातानेच खूण केली, चालू दे. दोन सूर जरा चाचपडले, मग जुळले. नंतर कळलं, त्यांचे वडील मोती काढणाऱ्या जहाजावर होते. तिथला गवई गाऊ लागला की खलाशी असाच खर्ज धरून ठेवत. काका त्यांच्याजवळ जमिनीवर बसले आणि पुन्हा पुन्हा तो खर्ज ऐकत राहिले. जेवायलाही उठेनात.

निवृत्त होऊन ते वसईला गेले तरी आमचे शुक्रवार चालूच राहिले. सँड्राचा फोन आला त्यानंतरच्या शुक्रवारी अबू खालिद प्रथमच सरावाच्या खोलीत येऊन बसले. मग म्हणाले, "आज वो गाओ, जो गिरजे में गाते हो. उसके लिए."

मी लिजीकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि पहिला सूर तिनेच लावला. माझ्यापुढे काकांनी मला देवनागरीत लिहून दिलेला लॅटिन शब्दांचा कागद होता. चौथ्या ओळीशी, मी नेहमी जिथे दम संपेल म्हणून घाबरून लवकर सोडायचे तिथे, समासात त्यांची पेन्सिल होती: "घाई नको, वंदना. बाकीचे आहेत."

मी सूर सोडला नाही.