कुंकू लावलेली रायफल

माझ्या व्याह्यांइतका रागीट माणूस विषुववृत्ताच्या या बाजूला सापडणार नाही, आणि ते पुण्यात होते तोवर त्या बाजूलाही दुसरा नव्हता, हे मी लिहून द्यायला तयार आहे. न्यूझीलंडमधल्या फ्लॅट बुश या उपनगरात एकाच घरात आम्ही दोघं सहा-सहा महिने मुक्कामाला असतो. मी माझ्या लेकीकडे, ते त्यांच्या लेकाकडे, म्हणजे माझ्या जावयाकडे. व्याह्यांचं सारं आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-अवजारं घडवण्यात गेलं. तिथे केसाएवढी चूक म्हणजे गुन्हा, त्यामुळे अख्ख्या न्यूझीलंडवर त्यांचा राग आहे. लेटरबॉक्स तिरका म्हणून शेजाऱ्यावर राग, दारातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, एका रेषेत नाहीत म्हणून माझ्या लेकीवर राग. दारापुढचा लाकडी डेक बसवून निघालेला सुतार "स्वीट ॲज!" म्हणाला, म्हणजे एकदम झकास, तेव्हा व्याही हातात पाणसळ घेऊन त्याच्या व्हॅनमागे धावले. "स्वीट काय डोंबलाचं? पाव इंच उतार आहे!" तेही मराठीतून. सुतार हसून हात हलवत गेला आणि तो सगळा राग माझ्या आमटीवर निघाला. मीठ कमी आहे म्हणे. मीही काही गरीब गाय नाही. "मोजपट्टीने मोजलंत का?" असं विचारलं, आणि दोन दिवस आमचा अबोला.

असा माणूस, त्यात चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा. आणि त्याचा मुलगा ऑफिसच्या मित्रांबरोबर हरणाच्या शिकारीला जाऊ लागला. आता घरात महाभारत होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. पण व्याही एवढंच म्हणाले, "तुझं ताट वेगळं, माझं वेगळं." महाभारत झालं ते नंतर. एका रविवारी जावई चेहरा पाडून परतला. गोळी हरणाच्या पोटात लागली होती, ते झाडीत पळालं आणि दिवसभर शोधूनही सापडलं नाही.

"मारू नकोस असं मी म्हटलं होतं का?" व्याह्यांच्या आवाजाने कपबशा थरथरल्या. "पण अर्धवट मारायचं? तो जीव आत्ता कुठेतरी तडफडतोय, आणि तू इथे चहा पितोस?"

"बाबा, आय नो. रायफलच धड नाहीये. पाच गोळ्या मारल्या तर पाच दिशांना जातात."

"मग आण ती इकडे! कुठल्या गाढवाने जोडलीय बघतो!"

मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "विहीणबाई, पुन्हा असं झालं तर मी तिकीट बदलून पुण्याला जाईन. परत या घरात पाऊल ठेवणार नाही." ते बोलतात ते करतात.

इथला कायदा मात्र मला आवडला. लायसन्स जावयाचं, त्यामुळे व्याह्यांनी रायफलला हात लावायचा तर जावई शेजारी बसलेला हवा. एअरपोर्टवरून घरी येण्यापलीकडे जे बापलेक वीस वर्षांत एका जागी बसले नव्हते, ते दर शनिवारी गॅरेजमध्ये मांडीला मांडी लावून बसू लागले. मी चहा नेऊन देई आणि आरडाओरडा ऐकून परत येई. रायफलवरच्या दुर्बिणीचे स्क्रू ढिले निघाले. ते आवळायला व्याह्यांनी शेजारच्या मनुरेवाच्या दुकानदाराशी भांडून बारीक पाना आणला. मग कळलं की नळी खालच्या लाकडाला कुठेतरी टेकतेय. गोळी सुटताना नळी थरथरते, ती लाकडाला टेकली की नेम ढळतो, असं त्यांनी मला समजावलं, जणू ते लाकूड मीच तासलं होतं.

नेमकी कुठे टेकते हे शोधायला टूलरूममध्ये निळा रंग फासतात म्हणे. तो इथे कुठला? दुसऱ्या दिवशी मी पूजेला बसले तर माझा करंडा रिकामा. माझं कोल्हापूरहून आणलेलं कुंकू शेंगदाण्याच्या तेलात कालवून त्यांनी नळीला फासलं होतं. रायफल जोडून पुन्हा उघडली, तर लाकडावर एकाच जागी लाल डाग. तेवढंच त्यांनी पॉलिशपेपरने घासून काढलं.

"अहो, देवीचं कुंकू बंदुकीला?"

"खंडेनवमीला हत्यारांना लावताच ना? समजा, यंदा जरा आधी लावलं."

मी तीन दिवस त्यांना गार पोळी वाढली.

रायफल तपासायला नेमबाजीच्या रेंजवर गेलो तेव्हा मीही बरोबर गेले. माझ्या कुंकवाचं काय झालं ते मला बघायचं होतं. तिथल्या गोऱ्या आजोबांनी "किया ओरा" असा इथला नमस्कार करून आधी स्वतः तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं माझ्या कपाळावरच्या टिकलीखाली नाही, पण आठ आण्याच्या नाण्याखाली सहज झाकली असती. व्याही मिशीत हसले. मग जावई बसला, आणि त्याच्या गोळ्या पुन्हा दाही दिशांना.

"श्वास रोख! खांदा सैल सोड! किती वेळा सांगायचं?"

आजोबांनी व्याह्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि जावयाच्या नकळत रायफलमध्ये दारू नसलेलं खोटं काडतूस भरलं. जावयाने घोडा ओढला. नुसतं टक् झालं. पण नळी गचकन खाली गेली होती, आणि जावयाचे डोळे घट्ट मिटलेले, खांदे कानांपर्यंत चढलेले.

"रायफल इज ऑलराइट, मेट," आजोबा म्हणाले. "तो आवाजाआधीच दचकतोय."

परत येताना मोटरवेवर मागच्या सीटवर माझ्याशेजारी बसलेले व्याही म्हणाले, "विहीणबाई, डोळे कसे मिटले पाहिलंत? लहानपणी पाढा चुकला की मी टेबलावर फूटपट्टी आपटायचो. ती खाली यायच्या आधीच तो अगदी अस्से मिटायचा." जावई पुढे गाडी चालवत होता. त्याने ऐकलं असणार, कारण वळण येऊन गेलं तरी इंडिकेटर टिकटिकत राहिला.

त्यानंतर दर शनिवारी बापलेक रेंजवर जाऊ लागले. व्याही मागे बसून राहत, तोंडातून चकार शब्द न काढता. घरातही तेच. लेटरबॉक्स तिरका तो तिरकाच. एकदा मी मुद्दाम आमटीत मीठ घातलं नाही, तर व्याही म्हणाले, "छान झालीय." मला असा संताप आला! इतक्या वर्षांचं भांडण माणसाने असं एकाएकी टाकून देऊ नये. खरं सांगते, मला करमेनासं झालं.

व्याह्यांच्या परतीच्या आधल्या आठवड्यात जावई पुन्हा शिकारीला गेला. संध्याकाळी गाडी दारात लागली तेव्हा व्याही डेकवर उभे होते, त्याच पाव इंच उताराच्या.

"बाबा, एकच गोळी. जागेवर पडलं."

"त्याला कळलं नाही ना रे?"

"नाही, बाबा."

व्याह्यांनी त्याच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. मी जावयाच्या डोळ्यांकडे बघत होते. त्याने ते मिटले नाहीत.